नदीचे वळण आणि आपली जमीन
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील व्याख्यानाचा, स्मरणिकेसाठी लिहून काढलेला मजकूर)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बहुधा शिक्षणाविषयीच बोलले जाते. तालीम का घ्यावी, मुलींना पुढे का शिकवावे, स्पर्धा परीक्षांना का बसावे, हे सारे महत्त्वाचेच आहे आणि ते सांगणारी माझ्यापेक्षा अधिकारी माणसे या समारंभात आहेत. मी मात्र तुमच्यापुढे एक वेगळा विषय ठेवणार आहे, तो म्हणजे नदी. आपण कोकणातली माणसे. आपले मोहल्ले, आपल्या वाड्या, आपली भातशेती, आपल्या मशिदी आणि शाळा यांपैकी कितीतरी नदीच्या काठावर, त्यातही नदीच्या वळणावर आहेत. ही नदी आपण रोज पाहतो. परंतु ती वळते का, वळण जागा का बदलते, आणि पावसाळ्यात तिच्या पाण्याबरोबर जी माती, रेती व गोटे येतात ते कोठून येतात आणि कोठे जातात, याचा विचार आपण फारसा करत नाही. पूर आला की करतो आणि पूर ओसरला की विसरतो.

हा विषय आपल्या परंपरेलाही परका नाही. ख्वारिज्मचा थोर विद्वान अल्-बिरूनी याने इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानविषयीचा आपला ग्रंथ लिहिला. त्यात त्याने नदीच्या दगडांविषयी एक निरीक्षण नोंदवले आहे. डोंगराजवळ, जेथे पाण्याला जोर असतो, तेथे दगड मोठे आणि गोलसर असतात. डोंगरापासून दूर, जेथे पाणी संथ होते, तेथे ते लहान होत जातात. आणि नदीच्या मुखाशी, समुद्राजवळ, नुसती वाळू उरते. एवढ्या साध्या गोष्टीवरून त्याने असा निष्कर्ष काढला की, हिंदुस्थानचे हे सपाट मैदान एके काळी समुद्र असावा आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरून निघाला असावा. त्याचाच समकालीन इब्न सीना (९८०-१०३७) याने पाणी जमीन कोरून दऱ्या कशा करते आणि गाळाचे थर साचून दगड कसा बनतो, याची चर्चा आपल्या ‘किताबुश्शिफा’ या ग्रंथात केली आहे. आजचे भूगोलाचे पुस्तक ज्याला खनन, वहन आणि संचयन म्हणते, तो विचार हजार वर्षांपूर्वी या विद्वानांनी उघड्या डोळ्यांनी केला होता. त्यांच्याजवळ यंत्रे नव्हती. पाहण्याची सवय होती. ती सवय आपल्या मुलांना लागावी, म्हणून हा विषय मी निवडला.

आता पहिला प्रश्न: नदी वळते का? पुष्कळांचा समज असा की, वाटेत डोंगर किंवा मोठा दगड आडवा येतो म्हणून नदी वळते. हे अर्धेच खरे आहे. सपाट, मऊ मातीच्या मैदानात, जेथे आडवे येणारे काहीच नाही, तेथेही नदी सरळ जात नाही. तुर्कस्तानात मेंदेरेस नावाची एक नदी आहे. ती इतकी नागमोडी वाहते की, तिच्या प्राचीन ग्रीक नावावरूनच इंग्रजीत नागमोडी वळणाला ‘मिअँडर’ हा शब्द मिळाला. या नदीने आणलेल्या गाळाने समुद्राचे एक आखातच बुजून गेले. मिलेटस हे प्राचीन काळचे नामांकित बंदर. त्याचे अवशेष आज समुद्रापासून काही किलोमीटर आत, शेतांच्या मध्ये उभे आहेत. वळण आणि गाळ यांचे नाते किती जवळचे आहे, हे या एका नदीने दाखवून दिले.

वळणाचे कारण समजून घेण्यासाठी एक प्रयोग घरी करून पाहा. आपला दुधाचा चहा यासाठी उपयोगाचा नाही, त्यात तळ दिसत नाही. काचेच्या पेल्यात साधे पाणी घ्या, त्यात चहाची भिजलेली पूड टाका आणि चमच्याने पाणी गोल ढवळून चमचा बाहेर काढा. गोल फिरणाऱ्या पाण्यात पूड कडेला फेकली जाईल असे वाटते. तसे होत नाही. पाणी मंदावू लागले की सगळी पूड तळाशी मधोमध गोळा होते. हा प्रश्न आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीही घेतला होता. सापेक्षतेच्या सिद्धांताने जगप्रसिद्ध झालेल्या या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांवर एक छोटा लेख प्रसिद्ध केला आणि त्यात चहाच्या कपाचे हेच उदाहरण दिले. त्यापूर्वी, १८७६ मध्ये, जेम्स थॉमसन या अभियंत्याने नदीच्या वळणातील पाण्याची चाल अशाच रीतीने समजावून दिली होती.

त्याचा अर्थ असा. पाणी वळणावर आले की बाहेरच्या काठाकडे रेटले जाते आणि तेथे पातळी किंचित चढते. वरच्या थरातले पाणी वेगवान असते. ते बाहेर जाते. तळाचे पाणी घर्षणाने मंद झालेले असते. त्याच्यात बाहेर जाण्याचा तेवढा जोर नसतो. बाहेरच्या बाजूला चढलेले पाणी त्याला दाबून आतल्या काठाकडे ढकलते. म्हणजे वळणावर नदी नुसती पुढे वाहत नाही, मळसूत्रासारखी पीळ घेत वाहते. वरचे पाणी बाहेरच्या काठावर आदळून त्याचा पाया पोखरते; तळाचे पाणी रेती व गोटे घेऊन आतल्या काठाकडे येते आणि तेथे टाकते. म्हणून बाहेरच्या काठाला उभी दरड आणि खोल डोह, तर आतल्या काठाला उतरती रेतीची पुळण. तुमच्या गावच्या नदीवर जाऊन पाहा. ज्या काठावर बाया कपडे धुतात आणि मुले पाण्यात उतरतात, तो बहुधा आतला काठ असतो आणि ज्या डोहात उतरू नका म्हणून वडीलधारे बजावतात, तो बाहेरच्या काठाशी असतो.

एकदा वळण पडले की ते वाढत जाते, कारण बाहेरचा काठ झिजतो आणि आतला भरतो. या वाढीलाही एक प्रमाण असते. निरनिराळ्या देशांतील नद्या मोजल्या तेव्हा असे दिसले की, वळणांच्या एका पूर्ण लाटेची लांबी साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या दहा ते चौदा पट असते. पात्र पन्नास मीटर रुंद असेल, तर पाचशे ते सातशे मीटरमध्ये नदी एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे वळून पूर्वीच्या दिशेला येते. वहाळ असो की महानदी, प्रमाण जवळपास तेच. सृष्टीच्या कारभारात असे हिशेब सापडले की मन थक्क होते.

आता दुसरा प्रश्न: नदी ओझे कसे वाहते? तिचे ओझे तीन प्रकारचे असते. काही क्षार पाण्यात विरघळून जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. बारीक माती पाण्यात तरंगत जाते. पावसाळ्यात पाणी तांबडे दिसते ते तिच्यामुळे. आणि रेती, खडी, गोटे, धोंडे तळावरून घरंगळत, उड्या घेत जातात. यांत वेगाचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकात विल्यम हॉपकिन्स यांनी गणिताने दाखवले की, पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याला हलवता येणाऱ्या दगडाचे वजन दुप्पट नव्हे, चौसष्ट पट होते. प्रत्यक्षात दगडांचा आकार, त्यांची एकमेकांतली अडकण यांमुळे थोडेफार कमीजास्त होते. पण मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे. जो धोंडा वर्षानुवर्षे जागचा हलला नाही, तो एका रात्रीत एक मैल खाली का सापडतो, याचे उत्तर त्यात आहे. नदी आपले मोठे काम वर्षभर थोडे थोडे करत नाही. पुराच्या मोजक्या दिवसांत उरकते.

बारीक मातीची गोष्ट उलट आहे. १९३५ मध्ये स्वीडनच्या फिलिप युल्स्ट्रम यांनी दाखवले की, घट्ट चिकण माती उचलायला पाण्याला रेतीपेक्षाही अधिक वेग लागतो, कारण तिचे कण एकमेकांना धरून असतात. मात्र एकदा उचलली की ती अगदी मंद पाण्यातही वाहत राहते. यावरून काठावरच्या झाडांचे आणि गवताचे महत्त्व कळावे. मुळांनी बांधलेली चिकण माती टिकते. तीच नांगरून, खणून मोकळी केली की पहिल्या पुरात जाते.

काठाची माती वाहून गेली म्हणजे ती थेट समुद्रात गेली, असेही नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग येथील प्रयोगशाळेत फ्रीडकिन यांनी मोठ्या हौदात वाळूची नदी तयार करून प्रयोग केले. त्यांचा अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वळणाच्या बाहेरच्या काठाची वाळू निघून बहुतांशी खालच्या बाजूला त्याच काठाच्या पुढच्या पुळणीवर जाऊन बसते, असे त्यांना दिसले. म्हणजे नदीचा गाळ एसटीच्या प्रवाशासारखा आहे, प्रत्येक थांब्यावर काही उतरतात, काही चढतात. तुमच्या शेताची कड गेली, ती खालच्या वाडीतल्या कोणाची तरी मळई झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यात मळईच्या जमिनीविषयी तरतुदी कराव्या लागल्या, त्या उगाच नव्हेत. सातबारावरची रेघ स्थिर असते; नदीची रेघ चालत असते.

इथवर जे सांगितले ते सर्व नद्यांना लागू आहे. आता आपल्या नद्यांकडे येऊ. कारण कोकणातल्या नद्या गंगेसारख्या किंवा मिसिसिपीसारख्या मोकळ्या मैदानात वाहत नाहीत. त्या खोऱ्यात कोंडलेल्या आहेत.

मोकळ्या मैदानात वळण वाढत वाढत मोठा फास होतो. फासाची दोन टोके जवळ येतात आणि एखाद्या पुरात नदी मधली चिंचोळी पट्टी फोडून सरळ निघते. मागे राहिलेल्या वळणात पाणी साचून नालाकृती सरोवर तयार होते. हे चित्र शाळेच्या प्रत्येक पुस्तकात असते. आमच्या मुलांना ते पाठ असते, परंतु त्यांच्या गावात त्यांना ते कोठेच दिसत नाही. मग त्यांना वाटते, भूगोल हा दुसऱ्या देशांचा असतो.

वाशिष्ठी पाहा, सावित्री पाहा, जगबुडी पाहा. सह्याद्रीच्या कड्यावरून हजार मीटरच्या आसपास उंचीचे पाणी थोड्याच अंतरात पायथ्याला येते. तेथून समुद्र फार लांब नाही. मधल्या टापूत दोन्ही बाजूंना काळ्या खडकाचे डोंगर, वर जांभ्याचे सडे, आणि त्यांच्यामध्ये सपाटीची एक अरुंद पट्टी. नदीला वळायचे तर आहे. पण वळण वाढायला जागा नाही. ते बाहेरच्या बाजूला सरकत गेले की डोंगराच्या पायथ्याशी जाऊन अडते. खडक मातीसारखा झिजत नाही. मग नदी काय करते?

ब्रिटनमधील नद्यांचा अभ्यास करणाऱ्या ल्यूइन आणि ब्रिंडल यांनी १९७७ मध्ये अशा कोंडलेल्या वळणांचा स्वतंत्र विचार मांडला. त्याचा सारांश असा: वळणाला बाजूला जाता येत नाही, तेव्हा ते खाली सरकते. पाण्याचा सर्वांत जोराचा मारा वळणाच्या अगदी टोकावर नसतो, टोकाच्या किंचित खालच्या अंगाला असतो. त्यामुळे वळण आपला आकार साधारण राखून, सापाने पुढे सरपटावे तसे, खोऱ्याच्या उताराच्या दिशेने सरकत राहते. डोंगराला टेकलेल्या ठिकाणी वळण चपटे होते, तेथे पाणी खडकावर आदळून खाली कोरते आणि खोल डोह पडतो.

याचा आपल्या जमिनीशी काय संबंध? कोंडलेल्या खोऱ्यात सपाट जमीन सलग नसते. तिचे तुकडे असतात. नदी डाव्या डोंगराला टेकते, मग उजव्या डोंगराला टेकते, पुन्हा डाव्या डोंगराला. डावीकडच्या दोन टेकण्यांच्या मध्ये डाव्या बाजूला सपाटीचा एक तुकडा राहतो, तसाच उजवीकडे. कोकणातल्या कितीतरी खोऱ्यांत शेती, बाजार, वस्ती, शाळा हे सारे या तुकड्यांवर आहे. आणि वळणे खाली सरकतात, म्हणजे हे तुकडेही सरकतात. वरच्या वळणाचा मारा तुकड्याच्या वरच्या टोकावर बसतो; ते टोक झिजते. खालचे वळण पुढे जाताना मागे जागा सोडते. तेथे गाळ बसून तुकड्याचे खालचे टोक वाढते. थोडक्यात, तुकड्याचे डोके खाल्ले जाते आणि शेपूट वाढते. एकूण जमीन तेवढीच राहिल्यासारखी दिसते. परंतु ज्याचे घर डोक्याशी आहे त्याला शेपटीच्या वाढीचा काय उपयोग?

ही हालचाल मंद असते, हे खरे. एका पिढीला ती कळतही नाही. आजोबा सांगतात, ‘नदी त्या आंब्याच्या पलीकडे होती’. नातू म्हणतो, ‘आंबा कोठे आहे?’

कोंडलेल्या खोऱ्याची दुसरी गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. मैदानात पुराचे पाणी पसरते. खोली फार वाढत नाही. अरुंद खोऱ्यात पसरायला जागा नसते, म्हणून ते चढते. खोल पाणी म्हणजे वेगाचे पाणी, आणि वेगाच्या पाण्याचा हिशेब आपण वर पाहिला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या किनारपट्टीवर अशीच अरुंद खोरी आहेत. त्यांचा अभ्यास करून जेराल्ड नॅन्सन यांनी १९८६ मध्ये असे मांडले की, अशा खोऱ्यांतल्या सपाट जमिनी लहानमोठ्या पुरांच्या गाळाने शेकडो, प्रसंगी हजारो वर्षे थरावर थर बसून उंच होत जातात. उंच झाल्या की लहान पूर त्यांच्यावर चढत नाहीत आणि लोकांना वाटते, ही जागा सुरक्षित आहे. पण काठ उंचावल्यामुळे पुराचे पाणी पात्रातच कोंडून त्याचा जोर वाढत जातो. मग कधीतरी असा एक महापूर येतो की, तो वर्षानुवर्षे साठलेली ती जमीन एका खेपेत सोलून नेतो; आणि नदी पुन्हा पहिल्यापासून थर घालू लागते. प्रत्येक खोऱ्यात असेच घडेल असे नाही. तथापि, ‘आमच्या आठवणीत येथे कधी पाणी आले नाही’ हा पुरावा किती तोकडा आहे, एवढे यावरून निश्चित कळते.

आपल्या खालच्या टापूत आणखी एक भिडू आहे, तो म्हणजे समुद्र. आपल्या खाड्यांत भरतीचे पाणी बरेच आतपर्यंत येते. वरून पूर आणि खालून भरती अशी गाठ पडली की पाणी तुंबते, वेग मरतो आणि नदी हातातले ओझे तेथेच टाकते. एके काळी गोवळकोट, महाड, दासगाव येथपर्यंत गलबते येत. आज त्या पात्रांत जागोजागी गाळाची बेटे दिसतात. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. आदल्याच दिवशी, २१ जुलैला, बकरी ईद झाली होती. महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि चिपळूण, महाड, खेड या तिन्ही ठिकाणी पाणी शिरले. आता चांदाची तारीख पाहा. ईदच्या दिवशी दहावा चांद, म्हणजे पुराच्या दिवशी अकरावा. चौदाव्या चांदाकडे भरती वाढत जाते, हे आपल्या खाडीवरच्या प्रत्येक मच्छीमाराला ठाऊक आहे. ज्या हिजरी दिनदर्शिकेवरून आपण रोजे आणि ईद ठरवतो, तीच उधाणाचे वेळापत्रकही सांगते. पावसाळ्यात चौदाव्या आणि अमावास्येच्या चांदाच्या आसपास मोठ्या पावसाचा इशारा आला, तर नदीकाठच्या मोहल्ल्यांनी दुप्पट सावध राहावे. ही खबरदारी फुकट आहे. तिला निधी लागत नाही.

वाशिष्ठीची आणखी एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. कोयना ही कृष्णेच्या खोऱ्यातली, पूर्वेकडे जाणारी नदी. तिचे पाणी डोंगर पोखरून पश्चिमेकडे आणले गेले. १९६० च्या दशकापासून पोफळीला वीज करून ते पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते. म्हणजे या नदीत आता दोन खोऱ्यांचे पाणी आहे. परंतु ते पाणी धरणात थांबून आलेले असल्यामुळे त्याच्याबरोबर मूळ नदीचे गोटे आणि रेती येत नाहीत. पाणी आणि ओझे यांचे जे प्रमाण निसर्गाने ठरवले होते, ते माणसाने बदलले. ज्या पाण्याजवळ ओझे नाही, ते काठ आणि तळ पोखरून ओझे मिळवू पाहते. म्हणून असे बदल झालेल्या नदीवर नजर ठेवावी लागते.

गाळ येतो कोठून? डोंगरातून. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर कोसळली. या दुर्घटनांत गेलेल्या माणसांसाठी आपण आजही दुवा करतो. पण दरडीचा आणि नदीचा संबंध तेथेच संपत नाही. दरडीची माती पऱ्यात येते, पऱ्यातून वहाळात, वहाळातून नदीत. बारीक माती पहिल्याच पुरात खाडीत पोहोचते. दगडगोटे मात्र एका पुळणीवरून दुसऱ्या पुळणीवर थांबत थांबत कित्येक पावसाळे प्रवास करतात. म्हणून डोंगरात झालेल्या एका रात्रीच्या घटनेचे परिणाम खालच्या गावाला पुढे अनेक वर्षे भोगावे लागतात.

२०२१ नंतर चिपळूणला वाशिष्ठी आणि शिवनदी यांतला गाळ काढण्याचे मोठे काम झाले. लोकांची मागणी होती आणि ती रास्त होती; पुराला जागा मिळाली पाहिजे. परंतु दोन गोष्टी सोबत ध्यानात ठेवल्या पाहिजेत. वरचे डोंगर उघडे पडत असतील, उतारावर रस्त्यांसाठी आणि घरांसाठी आडवे काप घेतले जात असतील, तर काढलेला गाळ पुन्हा भरेल. ते काम दरवर्षीचे होईल. दुसरी गोष्ट रेतीची. पूर्वी हातपाटीने, डुबी मारून रेती काढत. नदी ते सहन करी. सक्शन पंपाने एकाच जागी खोल खड्डा केला, की खड्ड्याच्या वरच्या बाजूचा तळ ढासळत मागे जातो आणि काठांचे पाय उघडे पडतात. पुलांच्या पायांचेही तसेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह वाहने वाहून गेली. पुरात पाणी खांबांशी भोवरे करून तळ उकरते आणि पूर ओसरता ओसरता तो खड्डा रेतीने पुन्हा भरून टाकते. वरून पाहणाऱ्याला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जुन्या पुलांची तपासणी वरून होत नाही, पाण्याखाली जाऊन करावी लागते.

संरक्षक भिंतीविषयी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या मोहल्ल्याची जमीन खचू लागली की आपण भिंत मागतो. मागावी. पण वळणावर भिंत बांधली म्हणजे पाण्याचा जोर नाहीसा होत नाही. तो पुढे जातो. तो समोरच्या काठावर किंवा खालच्या वाडीवर आदळतो. खालची वाडी कुणब्यांची असेल, कोळ्यांची असेल, आपल्याच बिरादरीची असेल. शेजारी तो शेजारीच. शेजाऱ्याच्या हक्काविषयी आपल्या दीनमध्ये किती ताकीद आहे, ते मी येथे सांगायला नको. तेव्हा भिंतीचा अर्ज एका गावाने एकट्याने करू नये. वरची, समोरची आणि खालची वस्ती यांनी एकत्र बसून, एका खोऱ्याचा म्हणून करावा. नदी जातजमात विचारत नाही. निदान तिच्याबाबतीत आपणही ती विचारू नये.

शेवटी, शिक्षणसंस्था म्हणून आपण काय करू शकतो, ते सांगतो.

पहिले, इमारतीची जागा. कोकणात सपाट जागा दुर्मिळ आणि महाग. नदीकाठची मात्र पुष्कळदा स्वस्तात किंवा दानात मिळते. देणाऱ्याची नियत नेक असते. तरीही शाळेसाठी जागा घेताना तीन प्रश्न विचारा. जागा वळणाच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या? सपाटीच्या तुकड्याच्या डोक्याला आहे की शेपटीला? आणि जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषांपैकी ती निळ्या रेषेच्या आत पडते, की लाल रेषेच्या? निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. येथे ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढची नव्व्याण्णव वर्षे निर्धास्त झोपावे असा नाही; दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता, असा आहे. ज्या घरात आपण सहाशे मुले बसवतो, तेथे ही शक्यता लहान मानता येत नाही.

दुसरे, मोजणी. नदीकाठच्या प्रत्येक शाळेच्या विज्ञान मंडळाने हा उपक्रम घ्यावा. काठापासून ठरावीक अंतरावर, पुराच्या माऱ्याबाहेर, पाच पक्के दगड रोवा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक दगडापासून काठाच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहा. पुळणीवरच्या शंभर गोट्यांची लांबी मोजा; वरच्या गावच्या आणि खालच्या गावच्या मापांची तुलना करा. अल्-बिरूनीने जे पाहिले ते तुमची सातवीतली मुलगी स्वतःच्या हाताने मोजून सिद्ध करील. तलाठी कार्यालयातला जुना गावनकाशा, सर्वे ऑफ इंडियाचा नकाशा आणि आता संगणकावर पाहता येणारी उपग्रहचित्रे शेजारी ठेवा. नदी किती सरकली ते दिसेल. एका वर्षात काही कळणार नाही. दहा वर्षे वही चालू ठेवा. शाळा बदलल्या, शिक्षक निवृत्त झाले तरी वही चालू ठेवा. एखाद्या दिवशी भिंतीचा, पुलाचा किंवा पुनर्वसनाचा प्रश्न निघेल, तेव्हा त्या वहीतली दहा वर्षांची आकडेवारी दहा मोर्चांपेक्षा जास्त वजनदार ठरेल.

तिसरे, खूण. ज्या भिंतीला पुराचे पाणी लागले, त्या भिंतीवर पातळीची रेघ ओढून तारीख लिहा. रंगरंगोटी करताना ती पुसू नका. आपल्याला वाटते ती वाईट आठवण आहे. ती पुढच्या पिढीला दिलेली खबर आहे.

माझ्या तरुण मित्रांना एक सांगून थांबतो. ज्या आल्बर्ट आइन्स्टाइन यांचा उल्लेख मी आरंभी केला, त्यांचा मुलगा हान्स आल्बर्ट याने आयुष्यभर नदीच्या तळावरून रेती कशी सरकते याच प्रश्नाचा अभ्यास केला. तो अमेरिकेत बर्कली येथे प्राध्यापक होता आणि १९५० मध्ये त्याने मांडलेली गणिते जगभरचे जलअभियंते शिकतात. जगद्विख्यात बापाच्या मुलालाही रेतीचा कण अभ्यासायला लहान वाटला नाही. आपल्याकडे तर ती रेती दारात आहे, वळण दारात आहे, पूरही दारात आहे. मग त्यांचा जाणकार बाहेरून का यावा? आपल्या शाळांतून डॉक्टर निघाले, वकील निघाले, आखातात नाव काढणारे इंजिनिअर निघाले. आता एखादा मुलगा, एखादी मुलगी नदीचा अभ्यासक होऊन आपल्याच खोऱ्यात परत यावी, अशी माझी इच्छा आहे. तिच्या पहिल्या वहीचे पहिले पान या पावसाळ्यापूर्वी लिहिले जावे.